रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. पलीकडच्या गावांत कोण आजारी आहे, कुठे किती पाऊस पडला, कोणाच्या घरी बाळ जन्मले, हे त्या दिवसांत जिल्ह्याच्या गावी कळायला वेळ लागतो. काही गोष्टी कळतच नाहीत. त्यांच्या नावापुढचा रकाना तक्त्यात रिकामा राहतो आणि तो तक्ता तसाच संगणकात जातो. पुढे कोणीतरी बेरीज करतो, सरासरी काढतो, नकाशा रंगवतो. त्या रिकाम्या रकान्याचे संगणकाने काय केले, हे पाहणारा माणूस क्वचितच असतो.

प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत हा विषय दोन-तीन पानांत उरकतो: ॲरेतले, म्हणजे मूल्यांच्या रांगेतले, हरवलेले मूल्य कसे ओळखावे, त्यासाठी कोणते फंक्शन वापरावे. खरे तर तो एवढा लहान नाही. गेल्या पन्नास वर्षांत संगणकशास्त्र आणि संख्याशास्त्र या दोन्ही शाखांनी त्यावर डोके चालवले आहे, आणि अजूनही सगळ्या भाषांचे त्यावर एकमत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात तर त्याची किंमत माणसांना आणि वाघांना मोजावी लागते. म्हणून हा आढावा या दोन जिल्ह्यांच्या तक्त्यांवरूनच घेतला आहे.

रिकामेपणाचे प्रकार

रिकामा रकाना नेहमी एकच गोष्ट सांगत नाही. मोजलेच नाही, हा पहिला प्रकार. मोजले पण नोंद हरवली, हा दुसरा. मोजण्यासारखे काही नव्हतेच, म्हणजे प्रश्न लागूच नव्हता, हा तिसरा. आणि मोजले, उत्तर शून्य आले, पण लिहिणाऱ्याने शून्य न लिहिता जागा मोकळी सोडली, हा चौथा. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा.

विदर्भातल्या रिठी गावांचे उदाहरण घ्या. गाव महसुली दप्तरात आहे, त्याला क्रमांक आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही. जनगणनेच्या यादीत अशा गावाची लोकसंख्या शून्य असते आणि ते शून्य खरे असते. पण त्याच गावाचा साक्षरता दर काढायला गेलो तर शून्याला शून्याने भागावे लागते. तिथे उत्तर शून्य टक्के नाही, उत्तरच नाही. एखाद्याने तिथे शून्य लिहिले, तर तालुक्यातल्या गावांच्या दरांची सरासरी विनाकारण खाली येते आणि नकाशावर ते गाव निरक्षर म्हणून सर्वांत गडद रंगात दिसते. एकाच ओळीत, शेजारशेजारच्या दोन रकान्यांत, एक खरे शून्य आणि एक 'लागू नाही' असे दोन्ही बसलेले असतात. म्हणूनच तपासणी ओळीची किंवा तक्त्याची करून भागत नाही, प्रत्येक घराची, म्हणजे ओळ आणि रकाना जिथे मिळतात त्या प्रत्येक चौकटीची, करावी लागते.

खुणेचा आकडा

जुना आणि अजूनही सर्रास चालणारा उपाय म्हणजे खुणेचा आकडा. जो आकडा खऱ्या मोजणीत येऊच शकत नाही, तो 'माहिती नाही' याची खूण म्हणून लिहायचा. भारतीय हवामान विभाग देशाचा रोजचा पाऊस चौकोनी जाळीच्या स्वरूपात देतो. पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांशाचा एकेक चौकोन, आणि १९०१ पासूनची नोंद. त्यात जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९ असते. पाऊस उणे असू शकत नाही, म्हणून खूण सहज ओळखू येते. तापमानाच्या जाळीत मात्र खूण ९९.९ आहे.

चंद्रपूरचा उन्हाळा ठाऊक असलेल्या माणसाला ९९.९ अंश हा आकडा खरा वाटणार नाही. पण संगणकाला चंद्रपूरचा उन्हाळा ठाऊक नाही. मे महिन्याच्या एकतीस दिवसांत एक दिवस ९९.९ राहून गेला आणि बाकीच्या दिवसांची सरासरी ४३ असली, तर महिन्याची सरासरी सुमारे १.८ अंशांनी वाढते. निकाल ४४.८ येतो, आणि तो पाहून कोणालाच शंका येत नाही. उणे ९९९ राहून गेले तर निकाल इतका वेडावाकडा येतो की चूक लगेच पकडली जाते. म्हणजे खूण जितकी खऱ्या आकड्यांच्या जवळ, तितका धोका जास्त.

त्यात आणखी एक बारकावा आहे. ९९.९ हा दशांश संगणकाला द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. बत्तीस बिटांत साठवला की तो ९९.९००००१५ च्या आसपास होतो. तीच फाइल पुढे चौसष्ट बिटांत बदलून घेतली आणि प्रत्येक घराला 'तू ९९.९ आहेस का' असे विचारले, तर प्रत्येक घर 'नाही' म्हणते. तपासणी केल्याचे समाधान मिळते, एकही हरवलेले मूल्य सापडत नाही आणि खुणा जशाच्या तशा सरासरीत शिरतात. दशांशाच्या खुणेसाठी 'बरोबर आहे का' असे विचारू नये. 'इतक्या जवळ आहे का' किंवा 'साठच्या वर आहे का' असे विचारावे. पृथ्वीवरच्या हवेचे तापमान साठ अंशांवर गेल्याची नोंद नाही, म्हणून तेवढी मर्यादा पुरते.

नॅन, एनए आणि नल

१९८५ साली दशांश अंकगणिताचे आयईईई ७५४ हे मानक आले. विल्यम काहान यांचा त्यात मोठा वाटा होता. या मानकाने 'संख्या नाही' अशा अर्थाचे एक खास मूल्य दिले: नॅन. शून्य भागिले शून्य केले की नॅन मिळते. नॅनमध्ये काहीही मिळवा, त्याला कशानेही गुणा, उत्तर नॅनच येते. माहितीतला खळगा हिशेबात पुढे पुढे दिसत राहावा, झाकला जाऊ नये, हा त्यामागचा चांगला विचार.

नॅनचा एक गुण नवशिक्याला चक्रावून टाकतो. नॅन स्वतःशीच समान नसते. दोन अज्ञात गोष्टी एकच आहेत असे म्हणता येत नाही, हा त्याचा अर्थ. त्यामुळे 'हे घर नॅनच्या बरोबर आहे का' या प्रश्नाचे उत्तर नेहमी नाही असे येते. जुन्या प्रोग्रॅमरांनी यातूनच युक्ती काढली: जे मूल्य स्वतःशी बरोबर नाही ते नॅन. आज जवळजवळ प्रत्येक भाषेत त्यासाठी तयार फंक्शन आहे. पायथनच्या नमपायमध्ये इझनॅन, पांडाजमध्ये इझएनए, मॅटलॅबमध्ये इझनॅन आणि इझमिसिंग, ज्युलियात इझनॅन.

नॅन मुळात 'हरवलेले मूल्य' यासाठी बनलेले नव्हते. ते चुकीच्या किंवा अर्थहीन गणितासाठी होते. संख्याशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या आर या भाषेने हा फरक जपला. तिथे एनए म्हणजे माहिती नाही आणि नॅन म्हणजे गणिताला उत्तर नाही. मोजणीच झालेली नसेल ते गाव एनए, रिठी गावाचा साक्षरता दर नॅन. आत पाहिले तर आरमधला दशांशाचा एनए हादेखील एक नॅनच आहे, फक्त त्याच्या बिटांत १९५४ हा अंक खूण म्हणून ठेवलेला आहे. इझ-एनए हे फंक्शन दोघांनाही 'हो' म्हणते, इझ-नॅन फक्त दुसऱ्याला.

डेटाबेसवाल्यांची वाट वेगळी. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित तक्त्यांची कल्पना मांडली आणि पुढे त्यात नल आला. एसक्यूएलमध्ये नलशी तुलना केली की उत्तर हो किंवा नाही येत नाही, 'अज्ञात' येते. म्हणून तिथे 'बरोबर नल' असे विचारून चालत नाही, 'नल आहे का' हीच वेगळी शब्दरचना वापरावी लागते. पहिली रचना लिहिली तर चूक दाखवली जात नाही. नुसता रिकामा निकाल येतो आणि लिहिणाऱ्याला वाटते की सगळा तक्ता भरलेला आहे.

नॅनची एक मर्यादा रोजच्या कामात फार छळते. ते फक्त दशांश संख्यांत राहू शकते, पूर्णांकांत नाही. पांडाजच्या नेहमीच्या पूर्णांक रकान्यात एक जरी घर रिकामे आले, तरी सगळा रकाना दशांश होतो. गावांच्या सांकेतिक क्रमांकाचा रकाना असा बदलला की प्रत्येक क्रमांकामागे दशांशचिन्ह आणि शून्य चिकटते. मग एका फाइलमधले गाव दुसऱ्या फाइलमधल्या त्याच गावाशी जुळत नाही, आणि एका रिकाम्या घरापायी पूर्ण जिल्ह्याची जोडणी तुटते. यावर आता तोडगा आहे. मूल्यांची रांग वेगळी ठेवायची आणि तिच्या बरोबरीने दुसरी हो-नाहीची रांग ठेवायची, जी सांगते की या घरात खरे मूल्य आहे की नाही. नमपायचे मास्क केलेले ॲरे असेच चालतात. अपाचे ॲरो या पद्धतीत प्रत्येक घरामागे त्यासाठी फक्त एक बिट लागतो. पांडाजनेही २०२० च्या १.० आवृत्तीपासून स्वतःचे वेगळे एनए आणले. खूण मूल्यातच लपवण्यापेक्षा ती शेजारी उघड ठेवणे हाच रस्ता आता बहुतेकांना पटू लागला आहे, आणि तो योग्यच आहे.

पाच घरांची रांग

घराघराने तपासणे म्हणजे नेमके काय होते, ते एका लहान काल्पनिक रांगेवर पाहू. एका महसूल मंडळाचा पाच दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे: ४२, रिकामे, ०, ११८.५, रिकामे.

तपासणीचे फंक्शन या रांगेला एक उत्तर देत नाही, पाच उत्तरांची तेवढीच लांब रांग देते: नाही, हो, नाही, नाही, हो. तिसऱ्या घरातले शून्य 'नाही'मध्ये गेले, कारण ते मोजलेले शून्य आहे. या हो-नाहीच्या रांगेवरून पुढचे सगळे करता येते. 'हो'ची बेरीज केली की दोन घरे रिकामी असल्याचे कळते. तिचा उपयोग चाळणीसारखा करून भरलेली घरे वेगळी काढता येतात. तक्ता असेल तर रकान्यानुसार आणि ओळीनुसार मोजता येते: कोणत्या मंडळाच्या किती तारखा गेल्या, कोणत्या तारखेला किती मंडळे गप्प होती.

आता सरासरी. रिकामी घरे सोडली तर १६०.५ भागिले ३, म्हणजे ५३.५. रिकाम्याला शून्य धरले तर १६०.५ भागिले ५, म्हणजे ३२.१. खुणेचा उणे ९९९ तसाच राहिला तर उणे ३६७.५. एकाच रांगेची तीन उत्तरे. पांडाज काही न सांगता पहिले देते. नमपायची साधी सरासरी नॅन देते. आरही एनए देऊन थांबते, आणि रिकामे वगळ असे आपण स्पष्ट सांगितले तरच पुढे जाते. एक्सेलची सरासरी रिकामे घर वगळते, पण तीच घरे अधिक चिन्हाने जोडून पाचाने भागली तर एक्सेल रिकाम्याला शून्य मानते. जिल्ह्यातल्या कार्यालयांचे बहुतेक काम एक्सेलवर चालते, म्हणून हा फरक प्रत्येक कारकुनाला, प्रत्येक डेटा एंट्री ऑपरेटरला शिकवायला हवा.

तुलनेतला धोका याहून मोठा आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात, आणि शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न तिथून सुरू होतो. आपल्या रांगेला 'तू ६५ पेक्षा जास्त आहेस का' असे विचारा. नमपायमध्ये उत्तर येते: नाही, नाही, नाही, हो, नाही. दुसरे आणि पाचवे घर रिकामे होते; तिथे २०० मिलिमीटर पाऊस पडला असेल किंवा एक थेंबही नसेल. पण नॅनची कशाशीही तुलना केली की उत्तर 'नाही' येते, आणि ते 'नाही' खऱ्या 'नाही'त मिसळून जाते. हाच प्रश्न उलटा विचारला, '६५ किंवा कमी नाहीस ना', तर तीच दोन घरे 'हो' म्हणतात. प्रश्न मांडण्याच्या पद्धतीवर उत्तर बदलते, आणि दोन्ही उत्तरे खोटी. आर इथे एनए परत देते, तेच प्रामाणिक. एसक्यूएल अशी ओळ निकालातून गाळून टाकते. म्हणून तुलना करण्याआधी रिकाम्यांची तपासणी करणे आणि अतिवृष्टीच्या यादीशेजारी 'माहिती नाही' अशी तिसरी यादी छापणे, एवढा नियम कोणत्याही पद्धतीत पाळता येतो. ती तिसरी यादी हाती असली तर तलाठी जाऊन शिवार पाहू शकतो.

बेरजेचेही असेच. महिन्याची सगळी घरे रिकामी असतील आणि रिकामी वगळून बेरीज केली, तर पांडाज, नमपायची नॅन-बेरीज आणि आर तिघेही शून्य देतात. गणिताच्या दृष्टीने काहीच नसलेल्या रांगेची बेरीज शून्य असते, हे खरे. पण पर्जन्यमापक महिनाभर बंद होता त्या मंडळात महिनाभर पाऊस पडला नाही, असे छापून येणे हे खोटे. पांडाजमध्ये किमान इतकी खरी मूल्ये असावीत अशी अट घालता येते, ती घालावीच. एसक्यूएलची बेरीज अशा वेळी नल देते.

आणि उलट दिशेची चूक. सरकारी विवरणपत्रांत शून्य प्रकरणे असतील तिथे 'निरंक' लिहायची रीत आहे. कुठे आडवी रेघ असते, कुठे 'लागू नाही', कुठे 'अप्राप्त'. आकड्यांच्या रकान्यातला हा मजकूर संख्येत बदलताना पांडाजला 'जे जमत नाही ते रिकामे कर' असे सांगितले, तर निरंक, रेघ आणि अप्राप्त हे सगळे एकाच नॅनमध्ये जातात. ज्या आरोग्य केंद्राने तपासणी करून एकही रुग्ण नाही असे कळवले, ते केंद्र अहवालच न पाठवणाऱ्या केंद्राच्या रांगेत जाऊन बसते. संख्येत बदलण्याआधी रकान्यात कोणकोणते शब्द आले आहेत त्यांची यादी काढावी, निरंकला शून्य करावे आणि बाकीच्यांना त्यांच्या कारणासह वेगळे ठेवावे.

जंगलातले रकाने

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आणि बाहेर ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ मोजण्याचे काम कॅमेरा ट्रॅपवर चालते. प्रत्येक जागी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा असतो, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या जवळपास छायाचित्रे निघाली आणि २,४६१ वाघ पट्ट्यांवरून वेगवेगळे ओळखले गेले. यातून जो तक्ता बनतो त्यात प्रत्येक वाघाची ओळ आणि प्रत्येक रात्रीचा रकाना असतो. दिसला तर एक, नाही दिसला तर शून्य.

पण कॅमेऱ्याची बॅटरी बाराव्या रात्री संपली, कॅमेरा चोरीला गेला, हत्तीने किंवा अस्वलाने पाडला, तर तेराव्या रात्रीपासून शून्य लिहिता येत नाही. शून्य म्हणजे डोळे उघडे होते आणि वाघ आला नाही. कॅमेरा बंद म्हणजे डोळेच मिटलेले होते. या दोहोंची सरमिसळ झाली तर वाघ टिपला जाण्याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते आणि तिच्यावर उभे असलेले पुढचे सारे गणित डळमळते. म्हणून या शास्त्रात वाघांच्या तक्त्याबरोबर कॅमेऱ्यांचाही तक्ता ठेवतात: कोणत्या रात्री कोणता कॅमेरा चालू होता. वर सांगितलेल्या हो-नाहीच्या शेजारच्या रांगेचेच हे रानातले रूप. वनरक्षकाच्या पायी गस्तीलाही तेच लागू आहे. बीटमध्ये फिरून पाऊलखूण दिसली नाही, हे शून्य. त्या दिवशी नाला भरलेला होता म्हणून बीटमध्ये जाताच आले नाही, हे रिकामे. मानव-वाघ संघर्षाने होरपळलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात 'इथे वाघ नाही' आणि 'इथे कोणी पाहिले नाही' यांतला फरक मोहफूल वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईच्या जिवाशी जोडलेला आहे.

हवेच्या मोजणीत हा विचार नियमातच लिहून ठेवला आहे. चंद्रपूर हे कोळसा आणि औष्णिक विजेचे शहर; २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात त्याला ८३.८८ गुण होते आणि देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत त्याची गणना झाली. राष्ट्रीय वायु गुणवत्ता निर्देशांक काढताना किमान तीन प्रदूषकांची माहिती असावी, त्यांत सूक्ष्म धूलिकणांचे एक तरी माप असावे आणि चोवीसपैकी किमान सोळा तासांची नोंद असावी, असे बंधन आहे. पंधराच तास असतील तर निर्देशांक द्यायचा नाही. किती रिकामी घरे चालतील, हे आधी ठरवून ठेवले आहे. पाऊस, आजार, शाळेची हजेरी या सगळ्यांसाठी असे उंबरठे ठरवायला हवेत.

माणसांचे रकाने

गडचिरोलीने या विषयाला दिलेला धडा संगणकाचा नाही, सार्वजनिक आरोग्याचा आहे, आणि तो जगाने घेतला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी फक्त ८ टक्क्यांची कधी तशी तपासणी झाली होती. त्याआधी हा रकाना रिकामा होता आणि आरोग्यव्यवस्था त्याला शून्य समजून चालली होती. रोगाची नोंद नाही, म्हणून रोग नाही.

नवजात बालकांचेही तेच. घरी जन्मलेले आणि चार दिवसांत गेलेले बाळ कागदावर यायचेच नाही. सर्चने १९९३ पासून ३९ गावांत काम केले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली आणि गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांकरवी प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद व बाळाची घरच्या घरी काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. आधी मोजल्याशिवाय हे सिद्ध करता आले नसते. पुढे २००१ मध्ये डॉ. बंग आणि राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदींतून बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर सुटतात, हे त्याने गावोगावच्या मोजणीवरून दाखवले. राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

या घटनेकडे डेटाच्या नजरेने पाहिले तर संख्याशास्त्रातला एक पायाभूत विचार समोर येतो. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये हरवलेल्या माहितीची तीन गटांत विभागणी केली. काही मूल्ये निव्वळ योगायोगाने हरवतात. काही अशा कारणाने हरवतात, जे आपल्या तक्त्यातल्या दुसऱ्या रकान्यात दिसते: दूरच्या टोल्यावरून, म्हणजे लहान वस्तीवरून, अहवाल कमी येतात आणि अंतराचा रकाना आपल्याकडे आहे. आणि काही हरवतात ती त्या मूल्यामुळेच. पाऊस इतका झाला की मापकापर्यंत जाता आले नाही. बाळ इतक्या लवकर गेले की त्याचा जन्मही लिहिला गेला नाही. मलेरियाचा जोर पावसाळ्यात आणि नंतर वाढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत दूरच्या टोल्यावरून रक्ताचा नमुना येणे कठीण होते. या तिसऱ्या प्रकारात रिकामे घर वगळणे म्हणजे सर्वांत वाईट दिवस, सर्वांत दूरचे गाव आणि सर्वांत गरीब घर वगळणे. उरलेल्यांची सरासरी मग नेहमी बरी दिसते.

भरावे की रिकामे ठेवावे

इथे तज्ज्ञांत मतभेद आहेत. रिकामी ओळच काढून टाकावी, हा सोपा मार्ग; फक्त पहिल्या गटात तो निर्धोक. सरासरी भरावी, असे अनेक शिकवण्या अजून सांगतात. त्याने बेरीज सावरते, पण चढउतार खोटेच कमी होतात. मागच्या दिवसाचे मूल्य पुढे ओढावे, हे तापमानाला काही अंशी चालते, विदर्भातल्या पावसाला अजिबात नाही, कारण आज एटापल्लीत शंभर मिलिमीटर आणि उद्या कोरडे हे इथले नेहमीचे. शेजारच्या मापकांवरून अंदाज बांधावा, हे हवामानशास्त्रात रुळलेले आहे. पण गडचिरोलीसारख्या विरळ जाळ्यात शेजारचा मापकही लांब असतो. रुबिन यांनी १९८७ मध्ये सविस्तर मांडलेली पद्धत अशी: रिकाम्या घरात एकच अंदाज न भरता वेगवेगळे संभाव्य अंदाज भरून अनेक तक्ते करावेत, प्रत्येकावर गणित करावे आणि उत्तरांमधली फरकाची रुंदी निकालात दाखवावी. कष्टाची, पण प्रामाणिक पद्धत. आपल्या अज्ञानाची किंमत ती लपवत नाही. तरीही तिसऱ्या गटातल्या रिकामेपणाला तीही पुरी पडत नाही. तिथे माणूसच पाठवावा लागतो.

भरायचेच असेल तर एक अट कोणीही मोडू नये: भरलेले घर मोजलेल्या घरापासून कायम वेगळे ओळखू आले पाहिजे. तपासणीची हो-नाहीची रांग भरण्याआधी काढावी आणि तक्त्याबरोबर जपून ठेवावी. एकदा घरे भरली की नॅन उरत नाही आणि नंतर कोणतेही फंक्शन सांगू शकत नाही की कोणता आकडा मापकाने दिला आणि कोणता संगणकाने.

करता येण्याजोगे

आढाव्यातून निघणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. विवरणपत्राच्या प्रत्येक रकान्यात चार वेगळी उत्तरे देता यावीत: आकडा, मोजलेले शून्य, लागू नाही आणि मोजता आले नाही. चौथ्यासमोर कारण लिहायला जागा असावी, पूर, बंद यंत्र, रिक्त पद, काहीही. फाइल संगणकात आल्यावर काम घराघराच्या तपासणीचे: कोणत्या रकान्यात किती रिकामे, कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात. खुणेचे आकडे शोधून रिकामे करणे त्याच्या आधी. किती रिकामे चालेल याचा उंबरठा निकाल पाहण्याआधी ठरवणे. आणि प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक सरासरीशेजारी ती किती घरांवरून काढली, हे छापणे. 'सरासरी ५३.५, पाचपैकी तीन दिवसांवरून' एवढ्या चार-पाच शब्दांनी वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो.

दोन्ही जिल्ह्यांच्या नकाशावर 'माहिती नाही' याला स्वतंत्र रंग असावा, आणि तो शून्याच्या रंगाजवळचा नसावा. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती या भागांतले रिकामे रकाने असे डोळ्यांत भरले, तर पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न 'सरासरी किती' हा राहणार नाही. 'तिथून काहीच का आले नाही, आणि तिथे कोण जाणार' हा असेल. हरवलेले मूल्य शोधण्याचे फंक्शन फक्त हो किंवा नाही सांगते. त्या 'हो'पुढे जायचे काम माणसाचे आहे, आणि गडचिरोलीतल्या आरोग्यसेविकांनी टोल्याटोल्यावर घरोघरी जाऊन ते करता येते हे दाखवून दिले आहे.